‘नेहमीची सेवा’ : एका शब्दप्रयोगाची तपासणी

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘गरीब देशांतलं वैद्यकीय संशोधन आणि नीती’ असा छापला आहे. विषय अफाट आहे आणि आपल्याकडे तासाभराचाच वेळ आहे. म्हणून मी त्यातला एकच शब्दप्रयोग उचलतो आणि तो नीट उलगडून बघतो. आम्ही तत्त्वज्ञानवाले दुसरं फारसं काही करत नाही. नावामागे डॉक्टर लागलेलं असलं तरी आमच्याकडे औषध मिळत नाही. शब्द तपासून मिळतात.

तो शब्दप्रयोग म्हणजे ‘नेहमीची सेवा’. इंग्रजी शोधनिबंधांत कुठे ‘स्टँडर्ड केअर’ असतं, कुठे ‘युज्वल केअर’. दोन्ही आलटून पालटून एकाच अर्थानं वापरतात. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. पण आधी उदाहरण घेऊ, नाहीतर सगळं हवेत राहील.

उदाहरण आपल्या घरचंच आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला तर पेशींत बदल होतात, आणि त्या बदलांचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं जातात. म्हणजे पकडायला भरपूर अवधी असतो. पकडण्याच्या तीन रीती आहेत. पहिली पॅप तपासणी : पेशी खरवडून काचेवर घ्यायच्या, रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. त्याला प्रयोगशाळा लागते, काच वाचणारं तयार माणूस लागतं, आणि उत्तर यायला वेळ लागत असल्यानं बाईला पुन्हा बोलवावं लागतं. दुसरी रीत, व्हीआयए. सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे आपलं व्हिनेगर, लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते डोळ्यांनी पाहायचं. हे शिकवलं तर नर्सबाई करू शकतात. तिसरी रीत म्हणजे थेट विषाणू शोधणारी एचपीव्ही तपासणी. अचूक, पण तेव्हा महाग.

श्रीमंत देशांत पॅप तपासणी रुळून दशकं लोटली होती. फिनलंडसारख्या देशानं १९६०च्या दशकात ती सर्व स्त्रियांपर्यंत नेली आणि तिथले मृत्यू झपाट्यानं खाली आले. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याचा प्रयोग तिथे कुणी केला नाही. तो झाला भारतात, १९९०च्या दशकाच्या शेवटी, आणि एक नव्हे तर तीन.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलनं १९९८ साली सुरुवात केली. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा पैसा होता. वीस वस्त्या, दहांत दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी, दहांत फक्त कर्करोगाविषयी माहिती. दुसरा प्रयोग उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली सुरू झाला. जिल्ह्याचं नाव आज धाराशिव आहे, पण शोधनिबंधात उस्मानाबाद आहे म्हणून मी तेच म्हणतो. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा. तिसरा तामिळनाडूत, दिंडिगुल जिल्ह्यात.

बार्शीचं नाव आलंच आहे तर एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडे तिचं पुरेसं कौतुक होत नाही. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीला १९८७ साली सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगाव जाऊन कुणाला कर्करोग झाला, कोण त्यानं गेलं, याची नोंद ठेवणारी माणसं तिथे आहेत. मरणाची नीट मोजणी हे फार मोठं काम आहे. आज मी जे आकडे सांगणार आहे ते या मंडळींसारख्यांच्या पायपिटीतून आलेले आहेत. टीका करताना हे ऋण विसरून चालणार नाही.

आता उस्मानाबादची रचना बघा. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, चार गट. एका गटाला एचपीव्ही तपासणी, एकाला पॅप, एकाला व्हिनेगर, आणि चौथ्याला ‘नेहमीची सेवा’. चौथ्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांना मिळत काय होतं? जिल्ह्यातल्या इतर कुठल्याही बाईला जे मिळत होतं ते. हवी असेल तर तपासणी कुठे होते हे सांगितलेलं होतं. म्हणजे व्यवहारात जवळजवळ काही नाही.

आठ वर्षांनी मोजणी झाली आणि २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. एचपीव्ही गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू. नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. पॅप गटात ५४, व्हिनेगर गटात ५६. हे दोन आकडे ६४ पेक्षा कमी दिसतात, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. दिंडिगुलचा निकाल २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता आणि तिथे व्हिनेगरच्या तपासणीनं मृत्यू साधारण एकतृतीयांशानं कमी झालेले दिसले. मुंबईचा निकाल २०१३ साली जाहीर झाला : ३१ टक्के घट.

एरिक सूबा नावाचे एक अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट आहेत. व्हिएतनाममध्ये पॅप तपासणीची सोय उभी करण्याच्या कामात ते होते. त्यांनी या तिन्ही प्रयोगांतल्या तपासणी न झालेल्या गटांची बेरीज मांडली आणि २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये लेख लिहिला. मुंबईत ७६,१७८, उस्मानाबादला ३१,४८८, दिंडिगुलला ३०,९५८. एकूण १,३८,६२४ स्त्रिया. आणि त्यांच्यातले या कर्करोगानं झालेले मृत्यू २५४. त्याआधी त्यांच्या तक्रारीवरून अमेरिकेतल्या संबंधित सरकारी कार्यालयानं मुंबईच्या प्रयोगाची चौकशीही केली होती आणि संमती घेताना दिलेली माहिती अपुरी होती, असं मत दिलं होतं.

इथपर्यंत हकिकत झाली. आता युक्तिवाद.

प्रयोगाच्या बाजूनं मुख्य युक्तिवाद असा आहे : भारतात या कर्करोगासाठी सार्वत्रिक तपासणीची योजनाच नव्हती. चौथ्या गटातल्या बाईकडून आम्ही काहीही काढून घेतलं नाही. तिला जे मिळत होतं ते मिळतच राहिलं. मग अन्याय कुठे झाला?

ऐकायला बिनतोड वाटतं. पण न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाचे कान इथे टवकारतात. न्यायसूत्रांत ‘छल’ नावाचा वादातला दोष सांगितला आहे आणि त्याचा एक प्रकार म्हणजे वाक्छल. भाष्यकार वात्स्यायनाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. एका मुलाकडे ‘नव’ कांबळं आहे, असं कुणीतरी म्हणतो. त्याचा अर्थ नवं कांबळं. समोरचा लगेच म्हणतो, नऊ कुठे आहेत? मला तर एकच दिसतंय! शब्द एक, अर्थ दोन, आणि वाद करणारा सोयीप्रमाणे एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो.

‘स्टँडर्ड’ या शब्दात हेच घडतं. एक अर्थ ‘प्रचलित’, म्हणजे जे सर्रास चालतं ते. दुसरा अर्थ ‘प्रमाण’, म्हणजे जे असायला हवं ते, ज्याच्याशी बाकीचं ताडून बघायचं ते. नैतिक समितीसमोर डॉक्टर म्हणतात, ‘आम्ही नियंत्रण गटाला स्टँडर्ड केअर देतो’. समिती ऐकते ‘प्रमाण सेवा’ आणि निर्धास्त होते. प्रत्यक्षात उस्मानाबादच्या गावात उतरल्यावर त्याचा अर्थ होतो ‘प्रचलित’, आणि प्रचलित म्हणजे काहीच नाही. जे नाही त्यालाच सेवा म्हटलं गेलं. ‘आहे’मधून ‘असावं’ काढता येत नाही हे ह्यूमनं दाखवून तीनशे वर्षं होत आली. इथे तर ‘नाही’मधून ‘चालेल’ काढलेलं आहे.

हा वाद भारतात सुरू झाला असं समजू नका. १९९४ साली अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये सिद्ध झालं की एचआयव्हीग्रस्त गर्भवतीला झिडोव्ह्यूडिन हे औषध ठरावीक पद्धतीनं दिलं तर बाळाला होणारा संसर्ग दोनतृतीयांशानं कमी होतो. पण तो उपचार लांबलचक होता, बाळंतपणात शिरेतून औषध द्यावं लागे आणि खर्च एका बाईमागे आठशे डॉलरच्या घरात. म्हणून थायलंड, आयव्हरी कोस्ट आणि आणखी काही देशांत स्वस्त, आखूड उपचाराचे प्रयोग सुरू झाले, आणि त्यांतल्या बहुतेकांत एका गटाला नुसत्या साखरेच्या म्हणाव्यात तशा गोळ्या होत्या. १९९७ साली पीटर लुरी आणि सिडनी वुल्फ यांनी यावर जोरदार हल्ला चढवला. त्या मासिकाच्या संपादक मार्शिया एंजेल यांनी अग्रलेखात टस्कीगीची आठवण काढली. उपचार असूनही कृष्णवर्णीय रुग्णांना वर्षानुवर्षं सिफिलिसनं सडू दिलं, तो अमेरिकेतला कुप्रसिद्ध अभ्यास. हॅरॉल्ड व्हार्मस आणि डेव्हिड सॅचर यांनी सरकारी बाजूनं उत्तर दिलं. त्याचा सूर तोच होता : त्या देशांत तसंही काही मिळत नाही, आणि त्या देशाला हवा तो प्रश्न विचारायचा तर तुलना ‘काही नाही’शीच करावी लागेल.

पुढे हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात २००० साली कडक कलम आलं : नवीन उपचाराची तुलना उपलब्ध सर्वोत्तम उपचाराशी करा. दोनच वर्षांत त्याला खुलासा जोडून दार किलकिलं केलं गेलं. तपशिलात जात नाही.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की मी सूबांच्या बाजूनं बोलतोय. तसं पूर्णपणे नाही. त्यांच्या २५४ या आकड्यातही एक वाक्छल लपलेला आहे. आकडा खरा आहे, बेरीज बरोबर आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात तो ‘२५४ वाचू शकल्या असत्या’ असा उतरतो, आणि हे खरं नाही. उस्मानाबादला पॅप गटातही ५४ गेल्याच. सूबा ज्या पॅप तपासणीचा पुरस्कार करतात ती तिथे, त्या परिस्थितीत, एकदाच केलेली, सिद्ध होण्याइतकी उपयोगी पडली नाही. साधं त्रैराशिक मांडा. एचपीव्ही गटात हजारी एक मृत्यू, चौथ्या गटात हजारी दोन. म्हणजे चौथ्या गटाला एचपीव्ही तपासणी मिळाली असती तर तीसेक स्त्रिया वाचल्या असत्या, असा अंदाज निघतो. तीस म्हणजे थोड्या असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्या तीस जणींना नावं होती, त्यांची चूल होती, पोरं होती. पण २५४ आणि तीस यांतला फरक झाकून नैतिक राग वाढवायचा, हे मला पटत नाही. आणि ही गोष्टही लक्षात घ्या की तीस हा आकडा आपल्याला कळतो तोच मुळी प्रयोग झाल्यामुळे. १९९९ साली यांतली कुठली रीत गावात चालेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. पॅप फिनलंडमध्ये चालली म्हणून परांड्याला चालेल, हे गृहीत धरणं हाही एक आळसच होता. बेंजामिन फ्रीडमन यांनी १९८७ साली जी कसोटी दिली, की जाणकारांच्या समूहात खरोखरचं दुमत असेल तरच असा प्रयोग नैतिक, ती उस्मानाबादला सुरुवातीला तरी बऱ्यापैकी लागू पडते.

मुंबईबाबत मात्र माझा प्रश्न जास्त टोकदार आहे. तिथे एकच रीत तपासली जात होती, व्हिनेगरची. २००७ साली दिंडिगुलहून उत्तर आलं की व्हिनेगरनं जीव वाचतात. २००९ साली उस्मानाबाद म्हणालं, तितकंसं नाही, पण एचपीव्ही तपासणीनं नक्की वाचतात. मुंबईचा निकाल जाहीर झाला २०१३ साली. या मधल्या वर्षांत दहा वस्त्यांतल्या ७६ हजार स्त्रियांच्या बाबतीत ‘आम्हाला अजून माहीत नाही’ हे वाक्य कोणत्या दिवसापर्यंत खरं होतं आणि कोणत्या दिवसापासून ती सवय झाली? अज्ञान हे प्रयोगाचं समर्थन आहे, मान्य. पण अज्ञानाला मुदत असते. ती संपली हे ठरवायचं कुणी, हे प्रयोगाच्या पहिल्या दिवशी लिहून ठेवायला हवं.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. या सगळ्या वादात दोन्ही बाजूंची नजर खिळलेली आहे ती नियंत्रण गटाला काय दिलं यावर. मला वाटतं, त्याहून आधीचा प्रश्न आहे : उत्तर मिळाल्यावर ते कुणाला बांधील असेल?

बघा, ‘या देशात तपासणीची योजना नाही’ हे वाक्य प्रयोगाचा आधार आहे. योजना नसणं हा काही मॉन्सून नव्हे. ते कुणीतरी केलेलं, किंवा न केलेलं, काम आहे. उद्देश जर ती योजना उभी करणं हा असेल, आणि कोणती रीत घ्यावी एवढाच प्रश्न उरला असेल, तर चौथ्या गटातली बाई एका अर्थानं तिच्या लेकीसाठी वाट बघते आहे. तिच्या वाट बघण्याला अर्थ आहे. पण उत्तर आल्यावर काहीच करायचं बंधन कुणावर नसेल, तर ती कशासाठी थांबली? कांटच्या भाषेत सांगायचं तर केवळ साधन म्हणून माणसाला वापरणं ते हेच. आणि संमतीपत्रावर अंगठा घेतल्यानं ते बदलत नाही, कारण संमती कशासाठी दिली तो हेतूच पुढे अस्तित्वात राहत नाही.

थायलंडची तुलना करा. १९९८च्या फेब्रुवारीत बँकॉकचा निकाल आला : शेवटच्या महिन्यात गोळ्या देण्याच्या स्वस्त उपचारानं संसर्ग निम्म्यावर येतो. २००० सालापर्यंत थाई सरकारनं गर्भवतींसाठी देशभर कार्यक्रम सुरू केला. त्या प्रयोगावरचे आक्षेप त्यानं पुसले जात नाहीत. पण ज्या बायकांना साखरेच्या गोळ्या मिळाल्या त्यांच्या देशानं उत्तराची किंमत मानली.

आपल्याकडे? उस्मानाबादचं उत्तर जगभर फिरलं. नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया यांनी २०१७ साली पॅप मागे टाकून एचपीव्ही तपासणी मुख्य केली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१च्या मार्गदर्शनात तीच रीत पुढे केली. या निर्णयांमागच्या पुराव्यांत भूम-परांड्याच्या बायका आहेत. भारत सरकारनं मात्र २०१६ साली ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यांत तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी सांगितली. ठीक आहे, पैशाचा विचार असेल, दोन प्रयोगांत ती उपयोगी ठरली होतीही. पण प्रत्यक्षात किती जणींची झाली? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोन नाहीत.

म्हणजे वीस वर्षांनंतर अख्खा देश उस्मानाबादच्या चौथ्या गटात उभा आहे. फरक इतकाच की तेव्हा मोजणारे होते.

एक चिठ्ठी आली आहे; वाचतो. ‘सर, तुमचं ऐकल्यावर गरीब देशांत संशोधन करूच नये असं वाटतं. मग आमचे प्रश्न सोडवायचे कुणी?’ चांगला प्रश्न आहे. नाही, माझं म्हणणं उलट आहे. गडचिरोली घ्या. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं आणि तुलनेला ४७ गावं ठेवली. नियंत्रण गावं तिथेही होती! तिथल्या बाळांना तेव्हा ती सेवा मिळत नव्हती. मग मी त्याला वेगळी वागणूक का देतो? एक तर ज्या रीतीची परीक्षा होती ती कुठल्याच श्रीमंत देशाच्या कपाटात तयार नव्हती. गावातली बाई जंतुसंसर्गावर इंजेक्शन देईल, ही कल्पनाच मोठ्या रुग्णालयांना तेव्हा वेडेपणाची वाटे. दुसरं, प्रश्न विचारणारे तिथेच राहणार होते. नवजात मृत्यूचं हजारी ६२ हे प्रमाण २५च्या आसपास आलं, १९९९ साली ते छापून झालं, आणि मंडळी गाव सोडून गेली नाहीत. सरकारला पटवत राहिली. २०११ साली आशांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी हा देशाचा कार्यक्रम झाला. बारा वर्षं लागली. थायलंडला दोन लागली होती. पण बारा वर्षांनी का होईना, ज्यांनी प्रश्न विचारला होता ते उत्तराच्या वसुलीला हजर होते.

त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ आहे, थायलंड छोटा देश आहे, भारताशी तुलना कशी करता? हरकत रास्त आहे. मग देश सोडा, राज्य घ्या. दिंडिगुल ज्या तामिळनाडूत आहे त्या राज्यानं दोन जिल्ह्यांत आधी करून बघितलं आणि मग व्हिनेगरची तपासणी राज्यभर सरकारी केंद्रांत नेली. मघाच्या पाहणीत देशाचा आकडा १.९ आहे, तामिळनाडूचा ९.८, देशात सगळ्यांत जास्त. दहाला एक, म्हणजे अजून नव्वद बाहेर आहेत, पण काहीतरी हललं आहे. तीनपैकी दोन प्रयोग महाराष्ट्रात झाले. नोंदणी बार्शीला, नामांकित रुग्णालय मुंबईला, एक लाखाहून अधिक नियंत्रण गटातल्या स्त्रिया आपल्या. आणि आपण तामिळनाडूच्या खूप मागे आहोत. का, याचं उत्तर तत्त्वज्ञानात नाही. ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात, उपकेंद्रात रिकाम्या राहिलेल्या नर्सबाईंच्या जागेत आणि विधिमंडळातल्या अर्थसंकल्पाच्या तक्त्यात आहे. आजच्या सभेत आरोग्य खात्यातली दोन-तीन मंडळी दिसताहेत. त्यांना मी विनंती करतो की उरलेली दहा मिनिटं त्यांनी घ्यावीत; जिल्ह्यात व्हिनेगर, टेबल आणि शिकलेली नर्सबाई एकाच दिवशी एकाच खोलीत का येत नाहीत, ते त्यांनीच सांगावं.